स्टॉक कार शर्यतीत क्रू चीफ व्हायचे असेल तर : नवोदितांसाठी मार्गदर्शन

१९८१ च्या फेब्रुवारीत डेटोना ५०० ही शर्यत अखेरच्या टप्प्यात आलेली असताना रिचर्ड पेटी यांची गाडी शेवटच्या थांब्यासाठी पिटमध्ये, म्हणजे धावपट्टीलगतच्या इंधन-टायरच्या जागेत, आली, तेव्हा त्यांचे क्रू चीफ डेल इनमन यांनी टायरला कोणालाही हात लावू दिला नाही. फक्त इंधन भरून गाडी सोडली. टायर बदलण्यात जाणारे सेकंद वाचले आणि पेटी यांनी ही शर्यत सातव्यांदा जिंकली. झिजलेल्या टायरांमुळे गाडी वळणावर घसरली असती, तर लोकांनी चालकाला नव्हे, इनमन यांना जाब विचारला असता. इनमन यांच्या नावावर क्रू चीफ म्हणून आठ अजिंक्यपदे आहेत, सात पेटी यांच्याबरोबरची आणि एक १९८४ मधले टेरी लाबॉन्ट यांच्याबरोबरचे. आणि तरीही त्यांची ओळख सांगताना जाणकार या एका थांब्याकडे वळतात, कारण हाताशी अपुरी माहिती आणि निर्णयाला काही सेकंद, अशा स्थितीत दुसऱ्याच्या हातातल्या गाडीची जबाबदारी घेणे हेच या पेशाचे रोजचे काम आहे.

क्रू चीफला मराठीत ‘मुख्य मेकॅनिक’ म्हणण्याचा मोह होतो, पण ते अपुरे आहे. बांधकामावरच्या मुकादमाला जसे प्रत्येक गवंड्याच्या कामाचे उत्तर द्यावे लागते, तसे गाडीच्या प्रत्येक नट-बोल्टचे, पिटमधल्या प्रत्येक माणसाचे आणि शर्यतीतल्या प्रत्येक डावपेचाचे उत्तर क्रू चीफला द्यावे लागते. पुढील मार्गदर्शन अमेरिकेतील नॅस्कार या संस्थेच्या स्टॉक कार शर्यतींना, म्हणजे बाजारातील मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींना, धरून लिहिले आहे. ही संस्था १९४८ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थापन झाली.

पायरी पहिली : पथकाची रचना समजून घ्या

नॅस्कारच्या सर्वोच्च कप मालिकेत फेब्रुवारी ते नोव्हेंबर या काळात गुणांच्या ३६ शर्यती होतात. क्रू चीफच्या हाताखाली रेस इंजिनिअर, गाडीच्या प्रत्यक्ष जुळणीवर देखरेख ठेवणारा कार चीफ, मेकॅनिक, टायर आणि शॉक अब्सॉर्बर यांचे जाणकार, तसेच उंचावर उभे राहून चालकाला आजूबाजूच्या गाड्यांची खबर देणारा स्पॉटर असतो. पिटची भिंत ओलांडून गाडीला हात लावणारे मात्र २०१८ पासून पाचच असतात: दोन टायर बदलणारे, एक टायर वाहून आणणारा, एक जॅक लावणारा आणि एक इंधन भरणारा. हे पाच जण आता बहुधा पूर्वीचे खेळाडू असतात. हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स या कंपनीत क्रू चीफ रे एव्हरनॅम यांनी चालक जेफ गॉर्डन यांच्या पथकासाठी १९९० च्या दशकात व्यायाम, सराव आणि स्वतंत्र प्रशिक्षक यांची पद्धत रुजवली, तिचा हा परिणाम आहे.

नवोदिताने आणखी एक बदल लक्षात घेतला पाहिजे, कारण कोणते कौशल्य शिकायचे हे त्यावर अवलंबून आहे. २०२२ पर्यंत पथके सांगाडा आणि पत्रा आपल्या कार्यशाळेत घडवत, आणि पत्र्याला दिलेल्या एखाद्या गुपचूप वळणातून वेग काढत. २०२२ मध्ये आलेल्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीचे बहुतेक भाग ठरवून दिलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. पाच नटांचे चाक जाऊन मधोमध एकच नट असलेले १८ इंची चाक आले, आणि मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. सर्वांकडे जवळपास तेच भाग असल्यामुळे फरक आता भागांच्या जुळणीत, मोजमापात आणि निर्णयात पडतो. वेल्डिंग आणि पत्राकाम शिकणे आजही उपयोगाचे आहे. मात्र केवळ त्याच्या बळावर वर चढण्याचा जुना मार्ग अरुंद झाला आहे, हे मान्य करूनच पुढे जावे.

पायरी दुसरी : शनिवार रात्रीच्या धावपट्टीवर हात काळे करा

नॉर्थ कॅरोलायनातील हिकरी, व्हर्जिनियातील साउथ बॉस्टन, विन्स्टन-सेलममधील फुटबॉल मैदानाभोवती आखलेली बोमन ग्रे ही पाव मैलाची धावपट्टी, अशा ठिकाणी हंगामात बहुधा शनिवारी रात्री स्थानिक शर्यती होतात. तिथे गाड्या चालवणारे अनेक जण दिवसा दुसरी नोकरी करतात आणि त्यांना मदतीच्या हातांची नेहमीच गरज असते. पैसे मिळतील ही अपेक्षा न ठेवता अशा एखाद्या पथकाकडे जावे, सांगतील ते काम करावे आणि निदान एक पूर्ण हंगाम एकाच गाडीबरोबर राहावे. दर आठवड्याला पथक बदलणाऱ्याला पुष्कळ गाड्या दिसतात, पण आपण केलेल्या बदलाचा परिणाम पुढच्या शनिवारी काय झाला हे त्याला कधीच कळत नाही.

इथे शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे चार चाकांखाली वजनकाटे ठेवून गाडी तोलणे. या शर्यतींत गाडी बहुतांशी डावीकडेच वळते, म्हणून उजवे पुढचे आणि डावे मागचे अशा तिरप्या जोडीवर एकूण वजनाचा किती हिस्सा आहे, हे मोजतात. समजा गाडी १,४०० किलोची आहे आणि या दोन चाकांवर मिळून ७१४ किलो भार आहे, तर हा तिरपा भार ५१ टक्के झाला. तो वाढवला की गाडी वळायला नाखूश होते, आणि कमी केला की मागचा भाग मोकळा होतो. स्प्रिंगवरचा ताण बदलून हा भार कमी-जास्त करता येतो, आणि कप मालिकेतसुद्धा पिट थांब्यात मागच्या काचेतून लांब पाना घालून हेच केले जाते. जो बदल तुम्ही हिकरीच्या पिटमध्ये गुडघ्यावर बसून शिकाल, तोच पुढे कधीतरी लाखो लोक पाहत असताना करायला सांगाल.

पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. हवेचे आणि धावपट्टीचे तापमान, टायरमधला थंड आणि गरम दाब, टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाची उष्णता, केलेला बदल आणि त्यानंतर चालक काय म्हणाला, हे सर्व तारखेसह लिहावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकत्र केले तर कशाने काय झाले ते वहीसुद्धा सांगू शकत नाही.

पायरी तिसरी : शिक्षणाचा मार्ग निवडा

चॅड नॉस लहान वयात वडिलांच्या शर्यतीच्या गाडीवर काम करू लागले, पुढे एव्हरनॅम यांच्या हाताखाली कार्यशाळेत आणि पिटमध्ये राबले, आणि २००२ पासून जिमी जॉन्सन यांचे क्रू चीफ म्हणून त्यांनी सात अजिंक्यपदे मिळवली, त्यांतली पाच २००६ ते २०१० अशी सलग. हा कार्यशाळेतून वर येण्याचा मार्ग आहे. दुसरा मार्ग अभियांत्रिकीचा. २०२० मध्ये चेस एलियट यांच्याबरोबर अजिंक्यपद मिळवणारे ॲलन गस्टफसन डेटोना बीचच्या एम्ब्री-रिडल विद्यापीठात शिकले होते. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी निःसंकोचपणे दुसरा मार्ग सुचवेन. मात्र पहिल्या मार्गावरची शनिवारची मजुरी त्याने पदवीच्या काळातच करावी, कारण संगणकावर गाडी जुळवणाऱ्याला पाना धरता येत नसेल तर मेकॅनिक त्याचे ऐकत नाहीत, आणि त्यात मेकॅनिकांची चूक नसते.

शार्लट येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकीबरोबर मोटरस्पोर्ट्सचे विशेष शिक्षण मिळते आणि बहुतेक मोठ्या पथकांच्या कार्यशाळा तिथून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहेत. मूर्सव्हिल येथील नॅस्कार टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रज्ञ घडवणारी संस्था आहे. विषयांपैकी वाहनगतिशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकीय आज्ञावली यांकडे विशेष लक्ष द्यावे.

पायरी चौथी : कार्यशाळेत शिरा आणि एक काम आपलेसे करा

हेंड्रिक काँकर्डला, जो गिब्ज रेसिंग हंटर्सव्हिलला आणि पेन्स्के मूर्सव्हिलला आहे; म्हणजे हा सारा उद्योग शार्लटभोवतीच्या लहानशा परिसरात एकवटला आहे. तिथे राहायला गेल्याशिवाय नोकरी मिळणे कठीण असते, कारण जागा रिकामी झाल्याची बातमी जाहिरातीआधी ओळखीतून फिरते. सुरुवातीला टायर, शॉक, गिअर किंवा माहिती-विश्लेषण यांपैकी जे काम मिळेल ते घ्यावे आणि त्यात इतके पक्के व्हावे की त्या कामाबद्दलचा प्रश्न पथकातले लोक आपसूक तुमच्याकडे आणतील.

तिथून पुढे रेस इंजिनिअर किंवा कार चीफ हे टप्पे येतात. रेस इंजिनिअर शर्यतीआधी संगणकीय सादृश्यीकरणातून गाडीची जुळणी सुचवतो आणि शर्यतीत इंधन, टायर व इतर गाड्यांची स्थिती यांचा हिशेब क्रू चीफसमोर ठेवतो. शर्यतीपूर्वीचा सराव अलीकडे अर्ध्या तासाच्या आतच आटोपतो, त्यामुळे गाडी ट्रकमध्ये चढते तेव्हाच ती जवळपास तयार असावी लागते. प्रत्येक गाडीचे स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची माहिती सर्व पथकांना उपलब्ध असते. प्रतिस्पर्धी वळणात कुठे ब्रेक दाबतो ते तुम्हाला दिसते, तसे तुमचेही त्याला दिसते.

प्रत्यक्ष क्रू चीफपदाची पहिली संधी बहुधा कप मालिकेत नव्हे, तर आर्का आणि ट्रक या खालच्या मालिकांत किंवा दुसऱ्या क्रमांकाच्या राष्ट्रीय मालिकेत मिळते. तिथे माणसे आणि पैसा कमी, चालक पुष्कळदा विशीच्या आतबाहेरचा. तरीही ही संधी कमी प्रतीची मानू नये, कारण तरुण चालकाला आपल्या गाडीबद्दल बोलायला शिकवणे तुम्हाला इथेच शिकता येते.

पायरी पाचवी : चालकाचे बोलणे ऐकायला शिका

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, असे माझे ठाम मत आहे. चालकाजवळ दोन शब्द मुख्य असतात: टाइट आणि लूज. पुढची चाके पकड सोडतात, स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही आणि बाहेरच्या भिंतीकडे ओढली जाते, तेव्हा ती टाइट असते. मागची चाके सरकतात आणि गाडी गिरकी घेऊ पाहते, तेव्हा ती लूज असते. पण नुसते ‘टाइट आहे’ हे ऐकून पाना उचलणारा क्रू चीफ अर्धेच ऐकतो. वळणात शिरताना टाइट, की मध्यभागी, की बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर? पहिल्या पाच फेऱ्यांत, की टायर वीस फेऱ्या जुने झाल्यावर? एकट्याने धावताना, की पुढच्या गाडीच्या मागे हवा विस्कळीत झाल्यावर? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळा उपाय सांगते. कधीकधी चालक बाहेर पडताना गाडी लूज असल्याची तक्रार करतो आणि मूळ दोष मध्यभागी टाइट असण्यात असतो: गाडी वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग जास्त फिरवतो, आणि मग पुढच्या चाकांना एकदम पकड मिळताच मागचा भाग निसटतो. इथे मागचा भाग घट्ट केला तर मूळ दोष वाढतो.

म्हणून चालकाच्या शब्दांबरोबर त्याचा आवाज, घड्याळातील वेळ आणि उतरवलेल्या टायरांवरची झीज या तिन्हींचा मेळ घालावा. चालक चिडलेला असेल तर आपला आवाज खाली आणावा. रेडिओवर वाक्ये लहान ठेवावीत. वळणाच्या मध्यात त्याच्याशी बोलू नये. त्याच्या सांगण्यावर शंका असली तरी ती पथकाच्या रेडिओवर मांडू नये, सोमवारी बंद दाराआड मांडावी.

जॉन्सन आणि नॉस यांचे संबंध २००५ च्या अखेरीस इतके ताणले गेले होते की जोडी मोडण्याची वेळ आली होती. तेव्हा मालक रिक हेंड्रिक यांनी दोघांना बोलावून समोर दूध, बिस्किटे आणि मिकी माउसच्या ताटल्या ठेवल्या आणि मुलांसारखे भांडायचे असेल तर मुलांसारखेच बसा, असे सुनावले. मनातले सारे त्या बैठकीत बोलून झाले, आणि पुढच्याच हंगामात त्यांचे पहिले अजिंक्यपद आले. दोघांच्याही गुणवत्तेत त्या एका हिवाळ्यात काही फरक पडला नव्हता.

पायरी सहावी : शर्यतीच्या दिवसाचे गणित पक्के करा

इंधनाचा हिशेब तोंडपाठ असावा. टाकी २० गॅलनची आहे. समजा गाडी गॅलनमागे ४ मैल धावते, तर ८० मैल, म्हणजे दीड मैलाच्या धावपट्टीवर ५३ फेऱ्या होतात. अपघातानंतर पिवळा झेंडा लागला की गाड्या सावकाश फिरतात आणि इंधन कमी जळते, त्यामुळे हा आकडा सतत नव्याने मांडावा लागतो.

खरा पेच थांबा केव्हा घ्यायचा हा असतो. पिटच्या रस्त्यावर वेगमर्यादा असल्याने दीड मैलाच्या धावपट्टीवर हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे शर्यत पूर्ण वेगात चालू असताना, थांबल्यास साधारण एक फेरी गमवावी लागते; उलट पिवळ्या झेंड्याखाली सर्वच गाड्या सावकाश असल्याने नुकसान केवळ क्रमांकांचे होते. लवकर थांबून ताज्या टायरांवर वेगाने धावता येते, पण तुम्ही थांबल्यावर लगेच पिवळा झेंडा लागला तर न थांबलेल्या गाड्यांच्या एक फेरी मागे तुम्ही अडकता. २०१७ पासून शर्यतीचे टप्पे पाडले असून अखेरचा वगळता प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पहिल्या दहांना गुण मिळतात. त्या गुणांसाठी बाहेर राहायचे, की आधी थांबून पुढच्या टप्प्यासाठी चांगली जागा मिळवायची, हे शनिवारी रात्रीच ठरवून ठेवलेले बरे.

चार टायर, दोन टायर की नुसते इंधन, हा निर्णय सर्वांत जास्त गाजतो. १९९४ मध्ये शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत एव्हरनॅम यांनी शेवटच्या थांब्यात गॉर्डन यांना दोनच टायर दिले आणि गॉर्डन यांचा कप मालिकेतला पहिला विजय त्यातून आला. असा निर्णय जुगार वाटतो, परंतु आधीच्या प्रत्येक थांब्यात उतरवलेल्या टायरची झीज ज्याने मोजून ठेवली आहे, त्याच्या दृष्टीने तो मोजून घेतलेला धोका असतो. दर पाच फेऱ्यांनी स्वतःला विचारत राहावे: आत्ता पिवळा झेंडा लागला तर मी काय करणार? उत्तर तयार नसेल, तर झेंडा लागल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही.

पायरी सातवी : नियमांची कडा ओळखा

नियमभंग आढळला की दंड आणि निलंबनासाठी पहिले नाव क्रू चीफचे निघते. २००६ च्या डेटोना ५०० पूर्वी नॉस यांना घरी पाठवण्यात आले आणि जॉन्सन यांनी ती शर्यत हंगामी क्रू चीफ डॅरियन ग्रब यांच्यासह जिंकली. २०२३ मध्ये हेंड्रिकच्या चारही गाड्यांच्या बॉनेटवरील हवेच्या झडपांत फेरफार आढळल्याने चारही क्रू चीफना प्रत्येकी १ लाख डॉलर दंड आणि चार शर्यतींचे निलंबन झाले.

नियमात नसलेली वाट शोधणे हा वेगळा भाग आहे. एव्हरनॅम यांच्या पथकाने १९९७ च्या ऑल-स्टार शर्यतीत आणलेली ‘टी-रेक्स’ गाडी नियमात बसत होती. ती जिंकली, आणि ही गाडी पुन्हा आणू नका असे नॅस्कारने सांगितले. नेक्स्ट जेन गाडीत पुरवठादाराच्या भागाला हात लावण्याची शिक्षा जबर असल्याने नवोदिताने नियमपुस्तिका स्वतः वाचावी, प्रत्येक बदलासोबत संबंधित कलम वहीत लिहावे, आणि शंका असल्यास अधिकाऱ्यांना आधी विचारावे.

भारतातून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

भारतात या प्रकारच्या मालिका नाहीत, पण विद्यार्थ्यांच्या स्पर्धा हा चांगला पाया आहे. कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवरील फॉर्म्युला भारत, तसेच बाहा एसएईइंडिया या स्पर्धांत महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांची पथके उतरतात. तिथे चालक होण्यापेक्षा सस्पेन्शन किंवा माहिती-विश्लेषणाचे काम मागून घ्यावे. अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर विद्यार्थी व्हिसावर १२ महिने आणि त्यानंतर वाढीव २४ महिने काम करता येते. ही वाढीव सवलत तंत्रज्ञांच्या पदविका अभ्यासक्रमांना मिळत नाही, म्हणून भारतीय विद्यार्थ्याने पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमच निवडावा. त्या तीन वर्षांत पथकाला तुमची गरज पटली पाहिजे, कारण पुढचा व्हिसा कंपनीने अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

तोवर घरबसल्या करण्याजोगा एक अभ्यास आहे. कप शर्यतीत चालक आणि क्रू चीफ यांचे रेडिओवरील संभाषण चाहत्यांना थेट ऐकता येते. रविवारच्या शर्यती आपल्याकडे बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतात. एकच पथक निवडून संपूर्ण हंगाम त्याचेच ऐकावे आणि वहीत तीन रकाने आखावेत: चालक काय म्हणाला, मी असतो किंवा असते तर काय केले असते, आणि क्रू चीफने काय केले. दुसरा रकाना मात्र तिसरा कळण्याआधी, शाईने भरावा.